पेटीमास्तरांचा फुरसतीचा धंदा

पेटीमास्तरांना कुठलाही आवाज नुसता ऐकू येत नसे, तो पट्टीसकट ऐकू येई. बाहेर एस.टी.चा भोंगा वाजला की ते फायलीतून मान वर न करता म्हणत, "काळी दोन." टाइपरायटरची घंटी पांढरी सहा. आमच्या साहेबांचा तर त्यांनी पक्का अभ्यास करून ठेवला होता. साहेबांच्या खोलीतून आरडाओरडा सुरू झाला की मास्तर क्षणभर कान देत आणि माझ्याकडे झुकून हळूच सांगत, "भाऊसाब, आज साहेब काळी पाचला गेलेत. रजेचा अर्ज उद्या टाका." त्यांचं ऐकून उद्यावर ढकललेला माझा एकही अर्ज नामंजूर झाला नाही.

लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. तिथल्या एका सरकारी कचेरीत आमची टेबलं शेजारी शेजारी होती. ते आवक-जावक सांभाळत, मी पगार आणि रजा. मास्तर बाजारात किराणा दुकान असलेल्या लिंगायत घरातले. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकाबाहेर कुणी घेत नसे. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ते पेटीमास्तर, कारण हार्मोनियम हा त्यांचा एकुलता एक नाद. गंमत म्हणजे वाजवायला बसले तर ते बरे वाजवत, त्यापुढे नाही. त्यांचा जीव पेटी वाजवण्यात नव्हताच, उघडण्यात होता. टेबलाच्या खालच्या खणात टाचण्या आणि लाखेच्या कांड्यांशेजारी एक बारीक कानस, एक चिमटा आणि पत्र्याच्या डबीत पितळेचे सूर ठेवलेले असत. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पान खायला जायचो, तेव्हा मास्तर एखादा सूर चिमट्यात धरून त्याच्या पितळी जिभेवर कानस फिरवत बसायचे. जिभेच्या टोकाला घासलं की सूर चढतो आणि मुळाशी घासलं की उतरतो, एवढं ज्ञान मला त्या टेबलावर फुकटात मिळालं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. कचेरीतल्या निम्म्या कारकुनांना दुष्काळी कामांवर हजेरी घ्यायला पाठवलं. मास्तर आणि मी रेणापूरच्या बाजूला एका रस्त्याच्या कामावर होतो. माणसं दिवसभर खडी फोडायची, पोरांना सुकडीचा खाऊ मिळायचा आणि घरी जाऊन सगळे परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खायचे. तिथल्या महादेवाच्या देवळात एक पेटी होती. उंदरांनी तिचा भाता कुरतडला होता, निम्मे सूर मुके झाले होते, आणि भजन बंद पडून वर्ष झालं होतं. मास्तरांनी ती हुडकून काढली. चार दुपारी झाडाखाली बसून त्यांनी भात्याला कातडं लावलं, सूर जुळवले, आणि पाचव्या दिवशी काम सुटल्यावर देवळात भजन झालं. दिवसभर घण मारून दमलेली माणसं घरी जायला तयार होईनात. मास्तर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पोटाला मिलो मिळून राहिला, भाऊसाब. गळ्याला कोण काय देऊन राहिलं?"

ही बातमी आसपासच्या गावांत पसरली. बोलावणी येऊ लागली. मास्तरांनी कचेरीत येऊन रजा मागितली. एक मिळाली, दुसरी मिळाली, तिसऱ्या वेळी साहेब काळी पाचच्याही वर गेले. "सरकारी माणूस आहात की डोंबारी?" असं काहीतरी ते बोलले. मास्तर शांतपणे टेबलाशी आले, खणातली कानस, चिमटा आणि डबी रुमालात बांधली, आणि राजीनामा लिहून दिला. आवक-जावकचा कारकून असल्यामुळे स्वतःच्या राजीनाम्यावर आवक क्रमांकही त्यांनीच टाकला.

त्या साली शिपायाच्या एका जागेसाठी शिकलेली पोरं कचेरीच्या पायऱ्यांवर बसून असायची. अशात माणूस कायमची खुर्ची सोडतो म्हणजे उन्हानं डोकं फिरलं, असं सगळ्यांचं ठरलं. मीही त्यांच्यातच होतो. पेट्या दुरुस्त करून दुष्काळात कुणाचं पोट भरतं? गावोगावच्या लोकांकडे द्यायला गाणं होतं, दुसरं काही नव्हतं. दोन महिन्यांनी खडीच्या कामावर नवी टोळी लागली, आणि तिची नावं लिहिताना मी मान वर केली तर समोर डोक्यावरून पदर पुढे ओढून वहिनी उभ्या होत्या. मास्तरांच्या पत्नी. किराणा दुकानदाराची सून. त्यांनी नाव सांगितलं आणि मी लिहिलं. पुढे चार महिने त्या माउलीनं खडी फोडली. मास्तरांवर माझा जो काही राग आहे तो तेवढ्यापुरताच आहे.

पाऊस परत आला, गावं सावरली, तसा मास्तरांचा धंदा उभा राहिला. धंदा म्हणायचा तो आपण. त्यांनी दुकान कधीच टाकलं नाही. "दुकान टाकलं की मी दुकानाचा नोकर झालो," असं ते म्हणायचे. सायकलला पिशवी अडकवायची, लांबचं गाव असलं तर एस.टी. धरायची, आणि पेटी जिथं असेल तिथं जाऊन बसायचं. श्रावणाच्या आधी त्यांना श्वास घ्यायला उसंत नसे. सुगीच्या दिवसांत गावकऱ्यांनाच वेळ नसे, तेव्हा मास्तर ओसरीवर पाय पसरून बसलेले असायचे. मी कचेरीतून घामाघूम होऊन घरी निघालो की मुद्दाम हाक मारायचे, "या भाऊसाब, बसा. आमच्याकडं फुरसत लई पिकली यंदा."

कामाची त्यांची रीत मात्र फुरसतीची नव्हती. गावात गेले की ते पेटीला आधी हातही लावत नसत. मंडळातला मुख्य गाणारा कोण आहे ते विचारायचे, त्याला समोर बसवायचे आणि पेटीशिवाय गायला लावायचे. बुवा लाजायचे, खोकायचे, मग गायचे. त्यांचा गळा कुठं मोकळा होतो हे मास्तर डोळे मिटून ऐकायचे आणि मगच पेटी उघडायचे. "आधी माणूस, मग पेटी," म्हणायचे. "पेटीसाठी माणसानं गळा कामून ताणायचा?" त्या गाण्याचा सगळा भार ज्या दोन-चार सुरांवर असेल, ते सूर त्यांच्या हातून असे काही निघत की आवाज बसलेला म्हाताराही मान ताठ करून गायला लागे.

दुसरी रीत जेवणाची. ज्या घरात पेटी राहते त्या घरात जेवायचं, मग ते घर महादेवाच्या पुजाऱ्याचं असो, बौद्ध वस्तीतल्या गायन पार्टीचं असो, की दर्ग्यापाशी बसणाऱ्या कव्वालाचं. दुकानावर बसणाऱ्या त्यांच्या थोरल्या भावाला हे सोसत नसे. "गळ्यात लिंग घालून कुठंबी जेवून राहिलास," असं त्यांनी एकदा माझ्यादेखत सुनावलं. मास्तर म्हणाले, "दादा, पेटीच्या भात्यात त्याच घरची हवा भरलेली ऱ्हाती. ती हवा महादेवाच्या देवळात आली तर चालती, मग भाकरीनं काय घोडं मारलं?" दादांनी तराजूतला गूळ उगाच दोनदा काढून घातला.

वहिनींचं या सगळ्याबद्दल काय मत होतं? त्या बोलत नसत. मोडके सूर मास्तर घरी आणत आणि ओसरीवर छोट्या भात्यावर लावून जुळवत. एकच सूर, परत परत, तासन्‌तास. कानस, मग सूर, पुन्हा कानस, पुन्हा सूर. आत चुलीपाशी वहिनी भाकरी थापत असायच्या. एका क्षणी त्यांचा तोल सुटायचा आणि आतून आवाज यायचा, "पुरे आता!" मास्तर लगेच कानस खाली ठेवायचे. मला वाटायचं, बिचारा बायकोला घाबरतो. एकदा मी तसं चिडवलं, तर मास्तर हसले आणि त्यांनी पुढचा सूर चिमट्यात धरला.

दहा वर्षं अशी गेली आणि लातूर जिल्हा झाला. पाट्या बदलल्या, भाड्याच्या घरांत नव्या कचेऱ्या उघडल्या, आणि जिकडंतिकडं माणसं कमी पडू लागली. आमचे जुने काळी पाचवाले साहेब बढती घेऊन परत आले होते. त्यांनी एक दिवस मला बोलावून विचारलं, "तो तुमचा पेटीवाला काय करतो? आधी हंगामी घेऊ, मग कायम करू. चांगला कारकून होता." मी धावत मास्तरांच्या घरी गेलो. मास्तर गावाला गेले होते. वहिनींना सांगितलं, तेव्हा त्यांनी परातीतले पिठाचे हात पुसले.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्या साली मी काय केलं ते तुमी बगितलंय. परत तसला दुष्काळ पडला तर माझे हात आता तेवढे राहिले न्हाईत. तुमी सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

मी सांगितलं. मास्तरांनी वाद घातला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हिनं त्या साली खडी फोडली ती माझ्यापायी. आता हिनं म्हणावं. पर म्हणण्याआधी एकडाव माझ्यासंगं यावं. मी काय करून राहिलो ते हिनं अजून बगितलंच न्हाई. मग ही खुर्ची म्हणली तर सोमवारी खुर्चीत." साक्षीदार म्हणून मला न्यायचं ठरलं. त्या रविवारी आम्ही तिघे रेणापूरकडच्या एस.टी.त बसलो. वहिनी खिडकीपाशी बसल्या. माझ्या खिशात साहेबांना सोमवारी सांगायचं वाक्य तयार होतं.

गावातल्या बौद्ध वस्तीत गायन पार्टीची पेटी होती. पार्टीचे म्हातारे आबा आमची वाटच बघत होते. मास्तरांनी त्यांना आधी गायला लावलं, मग पेटी उघडली. आतले सगळे सूर तेलानं माखलेले होते आणि त्या तेलावर धुळीचा लगदा बसला होता.

"कुरकुर करून राहिली होती," आबा अभिमानानं म्हणाले. "गाडीच्या आखाला घालतो तसं जरा तेल सोडलं. शेंगदाण्याचं हाय, मास्तर, लातूरच्या मिलचं. भेसळ न्हाई."

मास्तरांनी एक सूर चिमट्यानं उचलून उजेडात धरला. "तेल एक नंबर हाय, आबा," ते म्हणाले. "ह्यात भजी लई भारी झाली असती."

सगळी वस्ती हसली आणि आबाही हसले. मग एकेक सूर काढायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा, असं काम सुरू झालं. मी चिंध्या पुरवत होतो. एवढ्यात एक धिप्पाड बाई गर्दीतून पुढे आली, वहिनींच्या तोंडाकडं निरखून बघू लागली आणि त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाली, "गुरवाच्या मळ्यापाशी खडीला हुता ना तुमी?" ती केरबाई. त्या टोळीत दोघी शेजारी बसायच्या. पहिल्या आठवड्यात वहिनींच्या हाताला फोड आले तेव्हा केरबाईनं आपल्या पदराची चिंधी फाडून बांधली होती. वहिनी तिला ओळखून रडू लागल्या, ती हसू लागली आणि दोघी हात धरून चुलीपाशी गेल्या. दुपारी सगळे तिथंच जेवलो. थोरल्या दिरांच्या भीतीनं कधी बाहेर पाणीही न पिणाऱ्या वहिनींनी केरबाईच्या हातचं पिठलं मागून घेतलं.

दुपार कलल्यावर मास्तरांनी सूर जुळवायला घेतले. कानस, मग सूर, पुन्हा कानस. वस्ती दम धरून बसली होती. बायांच्या घोळक्यातून अचानक जोरात आवाज आला, "पुरे आता!" वहिनी स्वतःच दचकल्या आणि पदरात तोंड लपवू लागल्या. बाया खिदळल्या. मास्तरांनी कानस ठेवली, भाता हलवला, सूर धरला. आबांनी त्यावर आवाज लावला, आणि तो असा चपखल बसला की हसणं आपोआप थांबलं. मास्तर माझ्याकडं वळून म्हणाले, "घाबरत न्हाई भाऊसाब मी हिला. ही पुरे म्हणती तिथंच सूर बसतो. दहा वर्षं मी हिच्याच कानानं काम करून राहिलोय. हिलाच तेवढं ठावं न्हाई."

मग केरबाई गायली. गाणं भीमरायाचं होतं. ती गात होती आणि वहिनी एकटक तिच्याकडं बघत होत्या.

परतीच्या एस.टी.ची वाट बघताना मी विचारलं, "मग वहिनी, साहेबांना काय सांगू?"

"ती जागा कुण्या गरजवंत पोराला द्या म्हणावं," वहिनी म्हणाल्या. मग मास्तरांकडं न बघता पुढे म्हणाल्या, "पर शनिवारचा दिवस घरचा. त्या दिवशी कुणाची पेटी न्हाई की कुणाचं गाव न्हाई." सरकारची रजा मागायला कंटाळून बाहेर पडलेला हा माणूस त्या दिवसापासून वहिनींकडं रजा मागू लागला. साहेबांपेक्षा वहिनींचा नकार जास्त पक्का असायचा.

पुढची वर्षं मी खुर्चीत घालवली आणि त्यांनी रस्त्यावर. उदगीर, निलंगा, देगलूर, पार नांदेडपलीकडं किनवटच्या जंगलातल्या गावांपर्यंत त्यांची बोलावणी येत. मी बढतीची वाट बघायचो, बदलीला घाबरायचो, रजा साठवायचो. ते पेरूच्या दिवसांत पेरूच्या गावी आणि हुरड्याच्या दिवसांत हुरड्याच्या गावी पेट्या काढायचे. मी हे बोलून दाखवलं की म्हणायचे, "तुमी रजा जमवून राहिलात, मी खर्चून राहिलोय." मला त्यांचा हेवा वाटायचा. तो मी कधी लपवला नाही आणि त्यांनीही कधी त्यावरून मिजास केली नाही.

मास्तरांची साठी उलटल्यावर एकदा मी गेलो तर ते कुकरचं झाकण हातात घेऊन बसले होते. शिट्टी बिघडली म्हणाले. बाजारातून नवी आणली होती, तीही बिघडलेलीच निघाली म्हणे. आत वहिनी उभ्या होत्या. त्यांनी मला नजरेनं गप्प केलं. झाकण लावलं, कुकर चढवला, आणि थोड्या वेळानं शिट्टी अशी कडाडली की मी दचकलो. मास्तर त्या कुकरकडं शांतपणे बघत होते. वाफ दिसली तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या चेहऱ्यावरून सगळं ओळखलं. "असं हाय व्हय," एवढंच म्हणाले.

आधी वरचे सूर गेले, मग हळूहळू मधलेही. ज्या माणसाला भोंग्याची पट्टी सांगता यायची, त्याला मी जवळ जाऊन ओरडून हाक मारू लागलो. मला वाटलं, संपला धंदा. महिनाभर पिशवी खुंटीला होती. मग एका सकाळी वहिनींनीच ती खुंटीवरून काढली, चपला घातल्या आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "औशाचं बोलावणं पडून हाय. उठा. ऐकायचं मी बगते." त्यानंतर सहा-सात वर्षं दोघे जोडीनं फिरले. ते घासायचे, वहिनी शेजारी बसून ऐकायच्या आणि त्यांच्या मनगटावर बोट ठेवून थांबवायच्या. गावोगावच्या लोकांना त्यात काही नवल वाटलं नाही. पेटीमास्तर आणि मास्तरीणबाई येतात, एवढंच. मास्तर अधूनमधून कानस त्यांच्यापुढे धरायचे, "घे, तूच मार हात." वहिनी झिडकारायच्या. "एकडाव खरवडलेलं पितळ परत चिकटत न्हाई. ते तुमचंच काम."

मास्तर गेले ते शनिवारी, घरच्या दिवशी, ओसरीवर बसल्या बसल्या. रेणापूर, औसा, नांदेडकडून माणसं आली. महादेवाचं भजनी मंडळ आलं, कव्वाल आले, आबांचा नातू पार्टी घेऊन आला, केरबाई काठी टेकत आली. थोरल्या भावाच्या मुलानं सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसवलं. मी तिथं खूप रडलो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

दोन महिन्यांनी मी वहिनींना भेटायला गेलो. एव्हाना मी निवृत्त झालो होतो आणि दिवस कसा घालवायचा हे मला कळत नव्हतं. ओसरीवर एक सर बसले होते, किनवट तालुक्यातल्या इस्लापूरहून आलेले. तिथल्या मुलींच्या वसतिगृहातली पेटी बंद पडली होती. मास्तर गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. ते उठून हात जोडत होते, "माफ करा बाई, मला ठाऊक नव्हतं." वहिनी आत गेल्या आणि पिशवी घेऊन बाहेर आल्या.

"पत्ता नीट सांगा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "चला भाऊजी. आता तुमाला कुठं रजा टाकायचीय?"

नांदेडहून गाडीनं आम्ही इस्लापूरला उतरलो. पिशवी माझ्या खांद्याला होती. वसतिगृहाच्या पडवीत वहिनींनी पेटीला हात न लावता आधी एका मुलीला गायला बसवलं. तिचा गळा मोकळा होईपर्यंत त्या थांबल्या. मुलींच्या पंगतीत बसून आम्ही वरण-भात जेवलो. मग त्यांनी पेटी उघडली, एक सूर काढला, चिमट्यात धरला आणि कानस माझ्याकडं मागितली. जन्मात त्यांनी पितळावर कानस फिरवली नव्हती.

त्यांनी घासलं, सूर लावून ऐकला, पुन्हा घासलं. मुली श्वास रोखून बघत होत्या. असं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. आणि मग सगळी पडवी दचकली, कारण वहिनी एकदम मोठ्यानं म्हणाल्या, "पुरे आता!"

कानस थांबली. वहिनींनी सवयीनं शेजारी बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं बघितलं. त्यांनी कानस पदराला पुसली, भात्यावर हात ठेवला आणि त्या मुलीला म्हणाल्या, "गा, माय."